बघायला चौऱ्याहत्तर, कामाला चार : स्तनाच्या कॅन्सरमध्ये माणसं कशी जोडायची

ऑपरेशन करून घरी आले त्यानंतरच्या सोळा दिवसांत मला बघायला चौऱ्याहत्तर माणसं आली. आकडा सासूबाईंचा आहे, कारण चहा त्या करत होत्या. सतराव्या दिवशी स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "साखर रवाक नाय गो आता." त्या चौऱ्याहत्तरांतली पुढचे नऊ महिने हाताशी राहिली ती चार. बाकीची वाईट होती असं नाही. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं आणि मला मागता येत नव्हतं.

हा लेख त्या मागण्याबद्दल आहे. मी वेंगुर्ला तालुक्यातली. गाठ लागली तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग किमो, मग शेक म्हणजे रेडिएशन. औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतील, त्यात मी पडत नाही. पण घर, वाडी, आरसा, नवरा, मुंबईची खोली, या सगळ्यांतून बाई म्हणून ताठ कसं चालायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रिपोर्ट नुकताच हातात पडला असेल तर पहिले तीन टप्पे आज वाचा. पुढचे तुम्ही त्या त्या ठिकाणी पोचाल तेव्हा वाचलेत तरी चालेल.

१. सांगायचं कोणाला आणि काय शब्दांत

पहिले दोन दिवस फक्त दोन माणसांना सांगा. एक, जिच्याजवळ रडता येईल. दुसरं, जे रडणार नाही आणि तिकिटं काढील. माझ्या बाबतीत धाकटी बहीण रडली आणि भाच्याने एक शब्द न बोलता रिपोर्टाचे फोटो काढून घेतले. दोघांचीही तितकीच गरज होती.

मी चूक केली ती पुढे. तीन आठवडे सगळ्यांना नुसतं "गाठ आहे" असं सांगत राहिले. 'गाठ' म्हटलं की प्रत्येकाकडे तिच्यावर उपाय असतो. कोणी लेप सांगितला, कोणी मुळी आणून दिली. एका दवाखान्यात तर आधीच "दुधाची गाठ असेल, विरघळेल" असं सांगून मला दोन महिने घालवायला लावले होते, त्यात ही भर. शेवटी मीच बचत गटाच्या बैठकीत एका दमात बोलून टाकलं, "मला स्तनाचा कॅन्सर झालाय. पुढच्या महिन्यात मुंबईत ऑपरेशन आहे. सगळे उपचार संपायला आठ-नऊ महिने लागतील." या वाक्याची रचना तुम्हीही तशीच ठेवा: आजाराचं नाव, मग पुढची तारीख, मग एकूण काळ. तारीख ऐकली की समोरचं माणूस डोळ्यांना पदर लावायचं थांबतं आणि "कुठल्या गाडीने जातेस?" असं विचारतं.

आपल्याकडे बायका हे लपवतात त्याचं खरं कारण बहुतेक वेळा स्वतःची लाज नसते, मुलीचं लग्न असतं. "घराण्यात आहे असं म्हणतील." म्हणून हे माहीत असू द्या: स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक दोषामुळे होतात. तुमच्या घरात आई, मावशी, बहीण यांना कमी वयात झाला असेल तर डॉक्टरांना जनुकीय तपासणीचं विचारा. नसेल तर लोकांना हाच आकडा सांगा आणि गप्प बसा.

मुलांना सांगाच. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. तिला दोन आठवडे वाटत होतं की लहानपणी तिने खेळताना डोकं आपटलं म्हणून मला हे झालं. मुलं न विचारता स्वतःवर दोष घेतात.

हे सापळे इथेच असतात:
- "सुरी लागली की पसरतो, बायोप्सी करू नको." हे खोटं आहे. बायोप्सीशिवाय, म्हणजे गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय, कुठला कॅन्सर आहे हेच कळत नाही, मग औषध कसलं देणार?
- ताट-पेला वेगळा ठेवणं. हा आजार संसर्गाने होत नाही. बाहेरून मशीनने शेक घेतलेल्या बाईजवळ पोरं निजली तरी त्यांना काही होत नाही. माझं ताट कोणीतरी वेगळं काढलेलं मी पाहिलं, उचललं आणि सगळ्यांच्या ताटांत ठेवलं.
- देवाला कौल लावून ऑपरेशनची तारीख ठरवणं. आमच्या घरी गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, मीही हात जोडले. पण तारीख डॉक्टरांची राहील हे आधीच सांगून ठेवलं होतं. करणी-बाधेवाले बुवा याच काळात दारात येतात. त्यांना नवऱ्याने ओट्यावरूनच परतवावं, ते काम तुमचं नाही.

२. कागदांची पिशवी आणि ती सांभाळणारा माणूस

एक जाड कापडी पिशवी, आत प्लास्टिकची. पावसात एसटीतून जाणारी पिशवी आहे हे लक्षात ठेवा. तिच्यात:
- आधार कार्ड, रेशन कार्ड, पेशंटचे पासपोर्ट आकाराचे सात-आठ फोटो, बँक पासबुकाची झेरॉक्स
- बायोप्सीचा रिपोर्ट, शिवाय त्याच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक. मोठं हॉस्पिटल स्वतः पुन्हा तपासतं आणि हे लॅबमध्ये मागितल्याशिवाय कोणी देत नाही
- ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सर कुठल्या जातीचा ते सांगणाऱ्या तपासण्या) लिहिलेला कागद, मॅमोग्राफीच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट
- तहसीलचा उत्पन्नाचा दाखला
- शंभर पानी वही आणि पेन

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, पहिल्या दिवशी आधी त्याला गाठा. योजना कॅशलेस आहे. आधी रोख भरू आणि मग परत मिळवू, हा हिशेब तिथे चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने असेच दागिने मोडले.

रेल्वेची सवलत बऱ्याच जणांना माहीत नसते. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यात ७५ टक्के सूट. हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, मोबाईलवरून निघत नाही. एसटीत मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे.

या पिशवीचा धनी एकच नेमा. आमच्याकडे तो भाचा. "मावशी, तू कागदाला हात लावायचा नाहीस," असं तो म्हणाला तेव्हा मला राग आला होता. दुसऱ्या महिन्यात किमोच्या गुंगीत मी एका रिपोर्टावर चहाचा कप ठेवला, तेव्हा पटलं.

३. कुठे जायचं, आणि उतरायचं कोणाकडे

आपल्याकडे 'टाटाला गेली' म्हणजे परळचं टाटा मेमोरियल, १९४१ सालचं. चिपळूण-रत्नागिरीकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ पडतं. सावंतवाडी-दोडामार्गकडचे गोव्यात बांबोळीला जातात. आंबोली किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर, पुढे मिरज, हाही रस्ता आहे. गोव्यात जाणार असाल तर आपल्या राज्याची योजना तिथे चालेल का, हे निघण्याआधी विचारून घ्या. ऑपरेशन मोठ्या ठिकाणी आणि पुढच्या किमो घराजवळ, असं करता येईल का हेही डॉक्टरांना विचारा. माझ्या पहिल्या दोन मुंबईत झाल्या, बाकीच्या जवळ. त्याने जितकी शक्ती वाचली तितकी कुठल्या टॉनिकने वाचली नाही.

मुंबईत उतरण्याबद्दल थोडं लांबून सांगते, कारण माणसं इथेच तुटतात. कोकणातल्या प्रत्येक घराचं कोणीतरी मुंबईत असतं. तुतारी एक्स्प्रेसने रात्रभर बसून सकाळी दादर, आणि मग दिराच्या खोलीवर. दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं, मी आणि नवरा, दहा बाय बाराची खोली आणि सकाळी नळ साडेपाचला. जाऊबाईंनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पण मला उलटी आली तरी मी आवाज न करता ओकायला शिकले, कारण भाची परीक्षेचा अभ्यास करत होती. आपण ओझं झालोय हे वाटणं किमोपेक्षा वाईट. तिसऱ्या फेरीला आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नाव घातलं. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदनही आहे. दोन्हीकडे गर्दी असते, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी घेऊन जा, आणि पहिल्याच दिवशी नंबर लावा.

धर्मशाळेत गेल्यावर जाऊबाई डबा घेऊन यायच्या, तासभर बसायच्या, आम्ही हसायचो. खोलीवर असताना आम्ही दोघी हसलो नव्हतो.

४. कामं वाटा

"काही लागलं तर सांग हं." हे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकू येईल. त्यावर "हो, नक्की" म्हणालात की ते माणूस संपलं. त्याऐवजी तिथल्या तिथे एक काम द्या. लहान, ठरावीक आणि वार असलेलं.

माझ्या हॉस्पिटलच्या समाजसेविका बाईंनी एक बारा वाक्यांचा फॉर्म भरून घेतला होता. परदेशात १९८८ साली झिमेट नावाच्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो तयार केलेला. चार वाक्यं घरच्यांबद्दल, चार मित्रमंडळींबद्दल, चार एखाद्या खास जवळच्या माणसाबद्दल. गंमत अशी की त्यात किती माणसं आहेत असं कुठेच विचारलेलं नाही. मदत मिळते असं तुम्हाला वाटतं का, एवढंच. माझे घरच्यांचे आकडे चांगले निघाले आणि मैत्रिणींचे तळाला. बाई म्हणाल्या, "मैत्रिणी नाहीत की त्यांना काही सांगितलं नाही?" मी रात्री धर्मशाळेत कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेवर यादी केली.

ती यादी अशी होती, तुमची तुम्ही करा:
- सोमवारी आणि गुरुवारी विहिरीचं पाणी : शेजारची वहिनी
- मुलीला शाळेतून आल्यावर खायला : बहीण
- किमोच्या आदल्या दिवशी रक्त तपासायला सोबत : गटातली मैत्रीण, कारण तिच्याकडे स्कूटर
- मुंबईच्या घराच्या ग्रुपवर बातमी टाकणं : भाचा. फोन फक्त त्याला करायचे, मला नाही
- मासे : बाजारात बसणारी ओळखीची बाई. चांगले ताजे बांगडे-पेडवे बाजूला ठेवायची, नवरा नेऊन द्यायचा. "कॅन्सरात मासे बंद" हे ऐकू नका, नीट शिजवलेल्या माशांतून प्रथिनं मिळतात. तोंड आलं असेल त्या दिवसांत मात्र सोलकढी आणि तिखट बंद, उकड्या तांदळाची पेज
- रात्री नऊनंतर मला एक फोन, आजाराविषयी अवाक्षर न काढता : कॉलेजची मैत्रीण

शेवटचं काम सर्वांत अवघड होतं. तिने ते नऊ महिने केलं. कोणाच्या सुनेने काय केलं, काजूला यंदा भाव काय, एवढंच.

नवऱ्यांबद्दल. आमचे बोलत नाहीत. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी ते गृहीत धरलं होतं, पण त्या दिवसांत ते न बोलणं फार लागलं. मग छातीला लावलेल्या नळीच्या बाटलीतलं पाणी रोज मोजून लिहायचं काम नर्सने त्यांना दिलं. रोज सकाळी सात वाजता चष्मा लावून, मापावर डोळा टेकवून, "आज साठ." "आज पंचेचाळीस." ज्या दिवशी "वीस" म्हणाले त्या दिवशी त्यांचा आवाज फुटला. बोलता न येणाऱ्या पुरुषाला मोजायला काहीतरी द्या.

५. बघायला येणाऱ्यांचा बंदोबस्त

किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या आठवड्यात भेटणं बंद, कोणी रागावलं तरी. ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच तासाला हॉस्पिटल. वाडीतून रात्री गाडी कोण काढील, हे आधीच ठरवून त्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. १०८ आहेच.

बाकीच्या दिवशी वेळ चार ते पाच. दारावर एक माणूस बसवा. आमच्याकडे सासूबाई, आणि त्यांच्यापुढे कोणाची टाप नव्हती. एक बाई आल्या आल्या म्हणाल्या, "आमच्या वयनीक पण ह्याच झालेला. गेली ती." सासूबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात न देता खाली ठेवला. कोणी स्टेज विचारली तर सांगणं बंधनकारक नाही. "डॉक्टरांना माहीत आहे" हे पुरेसं उत्तर आहे.

६. केस

किमोतलं लाल औषध म्हणतात त्याने दोन-तीन आठवड्यांत केस गळतात. त्याच औषधाने लघवी एक-दोन दिवस लालसर होते, घाबरू नका, रक्त नसतं ते. केस गळायची वाट बघू नका. आधीच खांद्यापर्यंत कापा, गळू लागले की बारीक करून घ्या. उशीवर झुबके सापडणं फार जीवघेणं. सुती ओढणी किंवा स्कार्फ कोकणातल्या घामाला बरा. विग मी आणला आणि तीनदा घातला, मेमध्ये तो डोक्यावर ठेवणं म्हणजे भट्टी. लग्नकार्यासाठी हवा असेल तर घ्या, पण हॉस्पिटलात फुकट मिळतो का ते आधी विचारा.

भुवया आणि पापण्याही जातात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. भुवईची पेन्सिल मुलीने शिकवली.

माझे केस गेले ते मार्चमध्ये, ऐन सुरंगीच्या दिवसांत. आमच्याकडे सुरंगीचा वळेसर माळला नाही अशी बाई त्या महिन्यात दिसत नाही. मी बाजारात गेले, डोक्याला ओढणी, आणि फुलवालीपुढून मान खाली घालून निघाले. तिने हाक मारली. म्हातारी बाई. "केस नाय तर काय झाला, हात आसा मां?" म्हणाली आणि मनगटाला वळेसर बांधला. पैसे घेतले तिने, पूर्ण घेतले. तिने फुकट दिला असता तर मी घरी जाऊन रडले असते.

किमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांत केस येऊ लागतात. माझे पहिले आले ते कुरळे.

७. आरसा, ब्लाऊज, हात

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा बघायचं ते एकटीने की कोणाबरोबर, हे आधी ठरवा. मी एकटीने पाहिलं आणि ते चुकलं. ड्रेसिंग करणारी नर्स असताना पाहिलं असतं तर ती म्हणाली असती की सूज आहे, उतरेल, काखेत बधिर लागणं सगळ्यांनाच होतं. एकटीला हे कळत नाही, फक्त नाही ते दिसतं.

स्तन ठेवून नुसती गाठ काढणं किंवा नवा स्तन बनवणं शक्य आहे का, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. विचारणं हा तोरा नाही. "या वयात कशाला हवंय?" असं मला एका नातलग बाईंनी ऐकवलं. हवं की नको हे त्यांनी ठरवायचं नव्हतं.

कृत्रिम स्तन दोन प्रकारचा. विणलेला किंवा सुती, हलका, जखम ओली असताना चालतो. सिलिकॉनचा जड, जखम नीट भरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा. जडपणा मुद्दाम असतो, नाहीतर एका बाजूने खांदा उचलला जातो आणि पाठ धरते. खिसा असलेली ब्रा लागते, ती आपल्या शिंप्याकडूनही शिवून घेता येते. माझ्या शिंपीण मैत्रिणीने हौसेने कापसाचा शिवला आणि वजनासाठी आत मोहरी भरली. उन्हाळाभर झकास चालला. पावसाळ्यात वास यायला लागला म्हणून उसवला तर मोहरीला बुरशी. कोकणात धान्य भरू नका, एवढंच सांगते.

ब्लाऊज पुढून हुकांचा, बाही सैल. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या तो हात जन्मभर जपायचा, कारण तो सुजू शकतो आणि सूज आली की सहजी जात नाही. त्या हातात बांगड्या घट्ट नकोत, कळशी नको, रक्त काढणं आणि बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला. काजूबिया सोलणाऱ्यांनी हातमोजे घातल्याशिवाय बसू नये, चिकाने भाजलं तर त्या हाताला ते महागात पडतं. कलमांत काटा लागला, चुलीवर भाजलं, तर लगेच धुवा आणि लाली पसरली तर डॉक्टर. भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम रोज करा. मी भिंतीवर खडूने रेघा मारल्या होत्या. आडाळ्यावर बसून नारळ खवायला मला चार महिने लागले.

नवऱ्याजवळ निजण्याबद्दल कोणीच बोलत नाही. आमचं इतकंच सांगते की दोघंही एकमेकांना दुखेल म्हणून लांब होतो आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला नको आहे. दिवा मालवून का होईना, बोलून टाका. किमोच्या काळात आणि गोळ्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत, पाळी बंद असली तरी. कोरडेपणा येतो, त्यावर उपाय असतो. नर्सला विचारा. तिने याहून लाजिरवाणं रोज ऐकलेलं असतं.

८. एक काम स्वतःकडे ठेवा

समाजसेविका बाईंनी आणखी एक फॉर्म दिला होता, दहा वाक्यांचा. रोझेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा, १९६५ सालचा, स्वतःबद्दल आपल्याला काय वाटतं ते मापणारा. मी तो दोनदा भरला. एकदा ऑपरेशननंतर, जेव्हा घरात मला कोणी पाण्याचा पेलाही उचलू देत नव्हतं. एकदा किमो संपताना, जेव्हा माझ्या भुवया नव्हत्या आणि पायांची नखं काळी पडली होती. दुसऱ्या वेळी गुण जास्त आले. बाईंना आश्चर्य वाटलं, मला नाही. मधल्या काळात मी बचत गटाचे हिशेब परत घेतले होते.

झालं असं की अध्यक्ष बाईंनी प्रेमाने वही दुसरीकडे दिली, "तू आता आराम कर." दोन महिने मी आराम केला. अकरा बायकांचे महिना दोनशे, व्याज, कोकम आगळाच्या बाटल्यांचा हिशेब, हे सगळं माझ्याशिवाय चाललं आणि ते बघून मला स्तन गेल्यापेक्षा जास्त रिकामं वाटलं. मी वही मागितली. पुढच्या औषधाने बोटं बधिर झालेली, नोटा मोजताना दोन-दोन सुटायच्या. मी मोठ्याने मोजायचे आणि शेजारची मोजणं तपासायची. चूक एकदाच निघाली, चाळीस रुपयांची, ती माझी नव्हती.

तुमचं काम कुठलंही असो. देवपूजा, मुलांचा अभ्यास, दुकानाची उधारी. पण ते असं निवडा की तुम्ही नाही केलंत तर खरंच अडेल. नुसतं मन रमवायला दिलेलं काम ओळखू येतं. आणि घरच्यांनो, हे वाचत असाल तर, बाईच्या हातून सगळंच काढून घेऊ नका.

९. तुमच्यासारखी दुसरी

टेरीझ लॅसर या अमेरिकन बाईने १९५२ साली स्वतःचं ऑपरेशन झाल्यावर इतर अशा बायकांना हॉस्पिटलात जाऊन भेटायला सुरुवात केली. माझ्या खाटेजवळ आली ती देवरुखकडची, सहा वर्षांपूर्वी उपचार संपलेली. तिने काही समजावलं नाही. पदर बाजूला करून म्हणाली, "यातला खोटा कुठला ते ओळख." मला ओळखता आलं नाही.

अशी बाई शोधायला समाजसेवा विभागाला विचारा, आशाताईंना विचारा. ओपीडीच्या बाकड्यावर शेजारी बसलेलीशी बोला. तिच्याशी स्टेजची तुलना मात्र करू नका. दोघींचा कॅन्सर नावाने एक, जातीने वेगळा असू शकतो. आणि व्हॉट्सॲपच्या गटात कोणी रस, चूर्ण, कुठल्या झाडाचं पान विकू लागलं तर त्या गटातून निघा. किमोबरोबर काही घ्यायचं असेल तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

१०. उपचार संपले, माणसं पांगली

शेवटचा शेक झाला की सगळे पेढे मागतात आणि आपापल्या कामाला लागतात. यादीतली कामं गळतात. तुम्हाला मात्र तेव्हाच रडू येतं, कारण आतापर्यंत वेळ नव्हता. याची तयारी ठेवा. रात्री नऊच्या फोनवालीला सांगा की आणखी सहा महिने फोन कर. ज्यांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी आहे त्यांना ती पाच ते दहा वर्षं घ्यायची असते, अंगातून वाफा येतात, चिडचिड होते. मनाने बंद करू नका. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण नकोसं झालं, जगणं नकोसं वाटलं तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस सरकारी आणि फुकट आहे, मराठीत बोलतात. तपासणीच्या आधीचे आठ दिवस सगळ्यांनाच भीतीचे जातात, त्या आठवड्यात मोठे निर्णय आणि भांडणं टाळा. मला दोन्ही जमलेलं नाही.

चतुर्थीला मी इंचभर केसांनी गौरीपुढे ओवसा भरायला गेले. कोणी काही बोललं नाही, एक लहान पोर सोडून. तिने विचारलं, "काकी, तू शाळेत जातस?"

आता सहा महिन्यांनी तपासणी असते. पिशवी भाच्याकडून माझ्याकडे आली आहे. कागदांखाली चार सुती स्तन असतात, मैत्रिणीने शिवलेले, आत फक्त कापूस. दोन मापांचे. येताना एखादाही उरत नाही.